गळ, नदी आणि जमाखर्च

काही व्यवसाय असे असतात की त्यांचे चित्र मनात उभे राहताच हिशेबाची वही आपोआप मिटली जाते. एखाद्या स्वच्छ नदीच्या काठी आठ-दहा खोल्यांचे निवासगृह बांधावे, दूरदूरच्या हौशी माणसांनी तेथे येऊन दिवसभर गळ टाकून बसावे, सायंकाळी त्यांना सुग्रास भोजन मिळावे आणि या साऱ्या सुखाच्या मोबदल्यात मालकाच्या पेटीत चार पैसे पडावेत, ही कल्पना इतकी रम्य आहे की शहरातील नोकरीला कंटाळलेल्या कित्येकांनी ती मनाशी बाळगली असेल. तथापि रम्यता हा नफ्याचा पुरावा नव्हे. पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘फिशिंग लॉज’ म्हणतात तो व्यवसाय किफायतशीर ठरतो किंवा कसे, याचा निर्णय करावयाचा तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हॉटेलचा मालक आपली खोली विकतो, खानावळवाला आपले अन्न विकतो. परंतु या निवासगृहाचा मालक ज्या वस्तूसाठी गिऱ्हाईक बोलावतो ती वस्तू, म्हणजे नदी आणि तिच्यातील जिवंत मासा, त्याच्या मालकीची नसते. या धंद्यातील साऱ्या लाभाचे आणि साऱ्या अरिष्टांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कर्नाटकातील कावेरीच्या काठाइतके बोधप्रद स्थळ दुसरे नाही. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिवन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि महाशीर नावाच्या बलाढ्य माशाची कीर्ती इंग्रज शिकाऱ्यांत पसरविली. पुढे १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महाशीर गळाला लावला, आणि तो विक्रम या छंदाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. स्वातंत्र्योत्तर काळात धरणे झाली, जाळी वाढली, सुरुंगाच्या दारूने मासे मारण्याची राक्षसी रीत बोकाळली आणि कावेरीचा महाशीर नामशेष झाला अशी समजूत रूढ झाली. १९७८ च्या सुमारास काही ब्रिटिश गळकऱ्यांच्या तुकडीने तो अद्याप जिवंत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा जुन्या कीर्तीला नवी पालवी फुटली. १९७२ मध्ये स्थापन झालेली वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया ही संस्था आणि कर्नाटक सरकारची जंगल लॉजेस ॲण्ड रिसॉर्ट्स ही कंपनी यांच्या प्रयत्नांनी नदीच्या काही पट्ट्यांचे रक्षण होऊ लागले, आणि भीमेश्वरी, दोड्डमकळी व गलीबोरे येथील कॅम्पांची नावे जगभरच्या गळकऱ्यांच्या तोंडी झाली.

त्या कॅम्पांत राहण्याची व्यवस्था तंबूंची किंवा साध्या झोपड्यांची असे. नाचणीच्या पिठाचे शिजवून घट्ट केलेले गोळे हे तेथील प्रसिद्ध आमिष. टोपलीसारख्या गोल नावेतून पाहुण्याला खडकाळ प्रवाहात नेणारा, पाण्याचा रंग पाहून कोठे गळ टाकावा हे सांगणारा वाटाड्या हा तर त्या व्यवस्थेचा प्राणच. मासा लागला की त्याचे वजन करावयाचे, नोंदवहीत टिपावयाचे आणि त्याला जिवंत परत पाण्यात सोडावयाचे, हा तेथील कायदा होता.

या नोंदवहीचा उपयोग पुढे शास्त्रज्ञांनी केला, आणि तिच्यातील आकडे व्यापारी दृष्टीनेही फार उद्बोधक आहेत. गलीबोरे येथे १९९८ ते २०१२ या काळात गळकऱ्यांनी एकूण २३,६२० तास गळ टाकला आणि ६,१६१ महाशीर पकडून परत सोडले. म्हणजे सरासरीने एका माशासाठी जवळजवळ चार तास लागले, आणि हे देशातील उत्कृष्ट म्हणून गाजलेल्या पाण्यात! यावरून पाहुणा खरोखर कशाचे मोल देतो हे स्पष्ट होते. तो माशाचे मोल देत नाही, कारण मासा तो घरी नेत नाही. तो आशेचे मोल देतो. चार तासांच्या प्रतीक्षेतील पहिले तीन तास सुखाचे जावेत, वाटाड्याचे बोलणे मनोरंजक असावे, चहा वेळेवर यावा, किनाऱ्यावरील सावली थंड असावी आणि रिकाम्या हाताने परतलेल्या मनुष्यालाही आपला दिवस वाया गेला असे वाटू नये, हे ज्या मालकाला साधते त्याच्याकडे पाहुणा पुन्हा येतो. नवा पाहुणा मिळविण्यास जाहिरात लागते, दलाली लागते. जुना पाहुणा आपल्या पायांनी येतो आणि सोबत मित्रालाही आणतो. या धंद्यातील नफा बहुतांशी या परतून येणाऱ्या पाहुण्यांवर अवलंबून असतो, हे त्यात मुरलेल्या कोणासही ठाऊक असते.

आता हंगामाचा हिशेब मांडू. कावेरीवर गळकऱ्यांचा मुख्य हंगाम साधारणतः थंडीच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतचा असे. पावसाळ्यात नदी गढूळ होऊन दुथडी भरे आणि सारा उद्योग बंद पडे. उदाहरणादाखल आठ खोल्यांचे निवासगृह घेऊ. वर्षाच्या ३६५ रात्रींचा विचार केल्यास त्याच्या २,९२० खोली-रात्री होतात. हंगाम १२० रात्रींचा धरला तर त्यातील केवळ ९६० विकण्याजोग्या उरतात, आणि हंगामातही निम्म्याच खोल्या भरल्या तर ४८०. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक रात्रीने एकूण सहा रात्रींचा भार वाहावयाचा! कारण कर्जाचे व्याज पावसाळ्यात थांबत नाही, पहारेकऱ्याचा पगार थांबत नाही, ओलीने कुजणारे छप्पर आणि वाळवी लागणारे लाकूड हंगामाची वाट पाहत नाही. साध्या हॉटेलच्या दराने अशा निवासगृहाचा जमाखर्च कधीच जुळत नाही, याचे कारण हेच. दर वाढवावा तर सोयी वाढवाव्या लागतात, सोयी वाढविल्या की खर्च वाढतो. आणि खोल्या वाढवून हा पेच सोडवू म्हटले तर नदीच्या एका पट्ट्यावर एका वेळी थोडेच गळ टाकता येतात, त्याहून अधिक माणसे आली तर मासे बिथरतात आणि पाहुणेही. इतर व्यापारांत विस्तार हा नफ्याचा राजमार्ग मानला जातो. येथे तो मार्ग निसर्गानेच अरुंद केलेला आहे.

म्हणून अनुभवी मालक रिकाम्या महिन्यांसाठी निराळे उत्पन्न शोधतो. पक्षिनिरीक्षण, जंगलातील पायी भ्रमंती, नौकानयन, शाळांच्या सहली यांपैकी काहीतरी जोडीला असल्यावाचून बारमाही खर्च निघत नाही. गळकऱ्यासोबत येणारी, परंतु स्वतः गळ न टाकणारी पत्नी व मुले यांचा विचारही त्याला करावा लागतो. कारण ती कंटाळली की तो कुटुंबप्रमुख पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो.

परंतु याहून महत्त्वाचा एक खर्च असा आहे की, नवखा मनुष्य तो अंदाजपत्रकात धरीतच नाही. तो म्हणजे नदीच्या रक्षणाचा खर्च. रात्रीच्या अंधारात एका सुरुंगाने डोहातील लहानमोठे सारे जीव मारता येतात, आणि ज्या एका मोठ्या माशाच्या आशेने दहा वर्षे पाहुणे येऊ शकले असते तो एका रात्रीत बाजारात किलोच्या भावाने विकला जातो. कावेरीच्या कॅम्पांनी या संकटावर जो उपाय केला तो अत्यंत शहाणपणाचा होता. चोरून मासे मारणाऱ्या स्थानिक लोकांपैकीच काहींना वाटाडे व पहारेकरी म्हणून कायम वेतनावर ठेवण्यात आले. त्यांना नदीचा कोपरान्‌कोपरा ठाऊक होता. पूर्वी जे ज्ञान विध्वंसासाठी वापरले जात होते तेच आता रक्षणासाठी वापरले जाऊ लागले आणि त्यांच्या घरी नियमित पैसा आला. काठावरच्या गावाला ज्या धंद्यात हिस्सा नाही तो धंदा नदीकाठी टिकत नाही, हे येथे व्यवहाराने सिद्ध झाले. याला दानधर्म समजणे चूक होय. तो भांडवली खर्च आहे आणि खतावणीत तो पहिल्या पानावर लिहिला पाहिजे.

तथापि या आदर्श वाटणाऱ्या व्यवस्थेच्या पोटातही एक गंभीर धडा दडलेला होता. गलीबोरेच्या नोंदवहीतील आकडे वरवर पाहणाऱ्याला फार समाधानकारक वाटले असते. कारण वर्षे लोटली तसतसे तासाला मिळणाऱ्या माशांचे प्रमाण वाढत गेले होते. परंतु शास्त्रज्ञांनी जातवारी लावली तेव्हा दिसले की वाढ झाली होती ती निळसर पराच्या महाशीरची, आणि ज्या विशाल, पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरने कावेरीला जगप्रसिद्ध केले तो उत्तरोत्तर दुर्मिळ होत चालला होता. हा निळसर पराचा मासा मूळचा आपल्या मुलखाचा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. धरणांनी व प्रदूषणाने तो महाराष्ट्रातच संकटात आला तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र उभारले, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे नाव या कार्याशी सन्मानाने जोडले जाते. तेथील बोटुकली अनेक राज्यांतील नद्यांत व जलाशयांत सोडण्यात आली, कावेरीतही. हेतू निर्मळ होता. परंतु ज्या नदीत त्या जातीचे घर नव्हते तेथे तिने मूळच्या रहिवाशाची जागा घेतली. त्या उंचवट्याच्या महाशीरला ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळाले ते २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत दाखल झाला.

व्यापाऱ्याने यातून काय घ्यावे? केवळ किती मासे लागले एवढ्यावर जो संतुष्ट राहतो त्याला आपले भांडवल आटत आहे हे कळत नाही. व्याज वाढलेले दिसत असतानाच मुद्दल झिजत असू शकते. परंतु ही हानी उघडकीस आली तीही त्या कॅम्पाच्या प्रामाणिक नोंदवहीमुळेच, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. सरकारी खात्याजवळ वा विद्यापीठाजवळ नसलेली चौदा-पंधरा वर्षांची अखंड माहिती एका छांदिष्टांच्या मुक्कामावर साठली होती. ज्या मालकाला दीर्घकाळ टिकावयाचे आहे त्याने जात, वजन, तारीख व तास यांची नोंद पैशाच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे ठेवली पाहिजे.

आता हक्काचा प्रश्न. कावेरीचा हा पट्टा १९८७ साली स्थापन झालेल्या कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात येतो. अभयारण्यात शिकारीला मनाई आणि गळाने मासा पकडणे हीही शिकारच, असा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अर्थ लागू झाला, आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत या कॅम्पांवरील गळ टाकणे बंद झाले. मासा परत सोडला जातो, वाटाड्यांचा पहारा राहतो, ही सारी बाजू मांडली गेली. परंतु कायद्याच्या अक्षरापुढे ती टिकली नाही. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी आजही मतभेद आहेत. आपल्या विषयापुरते एवढेच पाहावयाचे की, उत्तम कीर्ती, निष्ठावंत पाहुणे आणि कुशल चाकरवर्ग असलेला धंदा, नदीवरील हक्क परवान्याच्या स्वरूपाचा असल्यामुळे, एका हुकुमाने संपुष्टात आला. कॅम्प मात्र उरले. ते आज निसर्ग-पर्यटनाची व साहसी खेळांची ठिकाणे म्हणून चालतात. ज्याच्या खोल्या केवळ गळकऱ्यांसाठी नव्हत्या तो तरला, हा यातील व्यावहारिक निष्कर्ष.

याच्या अगदी उलट व्यवस्था आइसलँडमध्ये दिसते. तेथे नदीतील मासेमारीचा हक्क काठच्या जमिनीशी निगडित असतो. शेतकऱ्यांनी कायद्याने एकत्र येऊन संघ स्थापन करावयाचा, आणि त्या संघाने नदीचा इजारा निवासगृह चालविणाऱ्याला द्यावयाचा. एका नदीवर किती गळ टाकता येतील हे ठरलेले असते, हंगाम उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांचा असतो, आणि समुद्रात जाळ्यांनी साल्मन पकडण्यास १९३२ पासून बंदी आहे. हक्क इतका पक्का असल्यामुळे श्रीमंत पाहुणे फार मोठे दर देऊन येतात. मग नफा कोणाचा? त्यातील भरीव वाटा इजाऱ्याच्या रकमेच्या रूपाने काठच्या शेतकऱ्यांकडे जातो, कारण इजारेदार एकमेकांवर बोली चढवितात. जेथे हक्क सुरक्षित तेथे भाडे जबर, आणि जेथे भाडे हलके तेथे हक्क बेभरवशाचा, अशा दोन टोकांमध्ये या धंद्याचा चालक उभा असतो. नदीचा खरा धनी जो असेल, मग तो सरकार असो वा शेतकरी, त्याच्या पदरात लाभाचा सिंहाचा वाटा पडावयाचा, हा या व्यवसायाचा अर्थशास्त्रीय नियमच म्हणावा लागेल.

या दोहोंच्या मधला, आणि सामान्य भारतीय कुटुंबाला परवडणारा, एक मार्ग हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी कुलूच्या थंड पाण्यात ट्राउट मासा आणून वसविला. आज तीर्थनच्या काठी स्थानिक कुटुंबे आपल्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात. गळ टाकण्याचा परवाना मत्स्यखाते देते, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर प्रजननकाळात मासेमारी बंद असते. येथे जमीन वडिलोपार्जित, घर राहते, मनुष्यबळ कुटुंबातले आणि मुख्य उत्पन्न सफरचंदांच्या बागांचे व शेतीचे. मासेमारीचा पाहुणा हे वरकड उत्पन्न. त्यामुळे हंगाम फसला तरी घर बुडत नाही. जवळच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाल्यानंतर तेथे पक्षी व पर्वत पाहण्यासाठी येणाऱ्यांचीही भर पडली आहे. कर्ज काढून बांधलेल्या भव्य वास्तूपेक्षा असे घरगुती प्रमाण या धंद्याला अधिक मानवते, असे माझे निश्चित मत झाले आहे.

आपल्या महाराष्ट्रात काय शक्य आहे? पवई तलावावर १९५५ पासून महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही गळकऱ्यांची संस्था आहे. सभासदांच्या वर्गणीवर चालणारा क्लब हा त्या छंदाचा नागरी प्रकार झाला. कोकणात तर गरी टाकून मासे गरवणे हे घरोघरीचे कसब आहे, आणि मालवण, तारकर्ली, देवबागच्या घरांतून उतरणाऱ्या पाहुण्याला खाडीवर गरवायला नेणे हा तीर्थनच्याच जातीचा जोडधंदा ठरू शकेल. महाशीरविषयी मात्र आपण अधिक जबाबदारीने वागले पाहिजे. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या श्रद्धेने राखलेले महाशीर पिढ्यान्‌पिढ्या निर्भय पोहत आले आहेत. कोणत्याही खात्याचा हुकूम नसता ग्रामस्थांनी केलेले ते रक्षण आहे. अशा डोहांवर गळाचा धंदा आणण्याचा विचारही कोणी करू नये. त्यांच्या दर्शनासाठी येणाऱ्या मनुष्याला जेवण आणि निवारा देऊनही गावाला उत्पन्न मिळते, आणि त्यात माशाच्या ओठाला इजा होत नाही.

येथे एका नैतिक शंकेचा परामर्श घेतलाच पाहिजे. केवळ करमणुकीसाठी जिवाला गळाला लावून सोडून देणे कितपत उचित, असा प्रश्न आपल्याकडे अनेकजण विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. दीर्घकाळ झुंजविलेला मासा सोडल्यानंतरही दगावू शकतो. म्हणून काटा नसलेला गळ वापरणे, मासा पाण्याबाहेर न काढणे, प्रखर उन्हाळ्यात दुपारी गळ टाकणेच बंद ठेवणे, हे नियम पाहुणा रुसला तरी पाळले पाहिजेत. माझ्या मते जो मालक हे करू शकत नाही त्याला हा धंदा करण्याचा नैतिक अधिकार नाही. आणि व्यवहारतःही तो आपल्याच भांडवलाचा घात करीत असतो.

सारांश, मासेमारीचे निवासगृह फायद्यात चालू शकते, परंतु त्या फायद्याला मर्यादा आहे आणि ती मान्य करणाऱ्यालाच तो मिळतो. ज्याला हा उद्योग करावयाचा असेल त्याने वास्तुशिल्पज्ञाकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टींचा छडा लावावा. नदीच्या त्या पट्ट्यावर गळ टाकण्याचा हक्क कोणाचा, तो कोणत्या दस्तऐवजाने व किती मुदतीसाठी मिळतो, आणि तो पट्टा अभयारण्याच्या किंवा नियोजित धरणाच्या हद्दीत आहे काय, हे प्रथम पाहावे. कावेरीवरच मेकेदाटू येथे धरणाचा प्रस्ताव पुढे आहे, आणि धरण झाले तर वाहत्या नदीचे स्थिर जलाशयात रूपांतर होते. दुसरे, वर्षाचे जे आठ महिने गळ कोरडे राहतील त्यांत घर कशावर चालेल, याचे उत्तर कागदावर आकड्यांनी मांडावे. तिसरे, काठच्या गावातील किती घरांची चूल या धंद्यावर पेटेल, हे मोजावे. या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर कर्ज न काढता, लहान प्रमाणावर, आरंभ करण्यास हरकत नाही. ती मिळाली नाहीत तर कितीही सुंदर डोह असला तरी तेथे वीट रचू नये. कारण नदीचे हित ज्या जमाखर्चात लिहिलेले नाही, तो आज ना उद्या तोट्यात जातो, आणि त्या तोट्याची भरपाई मालकाबरोबर नदीलाही करावी लागते.